वायफायवर अपलोड रखडतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओ झकास चालतो, सिनेमा क्षणात उघडतो. पण ऑफिसची फाइल वर चढत नाही, मीटिंगमध्ये आपला चेहरा गोठतो, लग्नाचे फोटो ड्राइव्हवर टाकायला अख्खी रात्र जाते. ही तक्रार घरोघरी आहे आणि तिच्यावर बहुतेक वेळा चुकीचा इलाज होतो. कोणी मोठा प्लॅन घेतो, कोणी नवा राऊटर आणतो आणि अडचण जिथल्या तिथे राहते. खालचे प्रश्न घरच्या फायबर कनेक्शनला धरून आहेत. इतर कनेक्शनांचा उल्लेख जिथे फरक पडतो तिथे केला आहे.

डाउनलोड १०० एमबीपीएस येतं, अपलोड मात्र ४-५ वर अडकतं. सुरुवात कुठून करू?

वायरपासून. लॅपटॉप लॅन केबलने थेट राऊटरला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, घरातल्या बाकीच्यांना पाच मिनिटं नेट वापरू नका म्हणून सांगा आणि स्पीड टेस्ट घ्या. वायरवर अपलोड पूर्ण येत असेल, तर कंपनीची लाइन निर्दोष आहे आणि दोष घरातल्या वायफायचा आहे. वायरवरही तेवढंच कमी येत असेल, तर वायफायशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही. मग प्लॅन, फायबरचा बॉक्स किंवा कंपनीचं नेटवर्क तपासायचं.

ही एक टेस्ट न करता पुढचं काहीही करू नका, असं मी आग्रहाने सांगतो. कस्टमर केअरला फोन केल्यावर पहिला प्रश्न हाच येतो आणि "वायरवर बघितलं का?" याला उत्तर नसलं की तक्रार तिथेच मिटवली जाते.

हल्ली अनेक लॅपटॉपांना लॅनचं भोक नसतं. यूएसबीतून लॅन देणारा छोटा अडॅप्टर मिळतो. घेताना गिगाबिटचा घ्या. तो मिळेपर्यंत निदान फोन घेऊन राऊटरपासून पाच-सहा फुटांवर, मध्ये भिंत नाही अशा जागी बसा आणि ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टेस्ट करा. वायरइतकी पक्की नाही, पण अंदाज येतो.

स्पीड टेस्टचा आकडा कितपत खरा मानायचा?

टेस्टचं ॲप सहसा जवळचा सर्व्हर निवडतं आणि तो बऱ्याचदा तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये असतो. म्हणजे आकडा येतो तो घरापासून कंपनीच्या दारापर्यंतचा. तुमची फाइल जाते ती त्याच्या कितीतरी पुढे. म्हणून सर्व्हर हाताने बदलून, दुसऱ्या शहरातला किंवा दुसऱ्या कंपनीचा निवडून पुन्हा टेस्ट घ्या. सकाळी एकदा आणि रात्री नऊ-दहाच्या सुमाराला एकदा. रात्रीच पडत असेल, तर एक तर कंपनीच्या लाइनवर गर्दी आहे किंवा शेजारपाजारच्या वायफायांची. यातलं कोणतं, ते पुन्हा वायरच सांगते.

शिवाय टेस्ट एकाच वेळी अनेक धागे, म्हणजे स्वतंत्र जोडण्या, उघडून डेटा ढकलते. एखादी वेबसाइट तुमची फाइल एकाच धाग्यातून घेते. सर्व्हर अमेरिकेत असेल, तर प्रत्येक पोच परत यायला २०० मिलिसेकंद किंवा जास्त लागतात आणि एका धाग्याचा वेग तिथेच मर्यादित होतो. टेस्टमध्ये ५० आणि प्रत्यक्षात ८ असं दिसलं, तर घाबरून राऊटर उघडू नका. आधी तीच फाइल दुसऱ्या सेवेवर टाकून बघा.

मेगाबिट आणि मेगाबाइट यांचा गोंधळही आधी मिटवा. आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट. १ जीबीचा व्हिडिओ म्हणजे साधारण ८,००० मेगाबिट. अपलोड ५ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिट असेल, तर त्याला १,६०० सेकंद, म्हणजे जवळजवळ सत्तावीस मिनिटं लागणारच. तेच ४० वर साडेतीन मिनिटांच्या आत होतं.

माझ्या प्लॅनमध्येच अपलोड कमी दिलेलं असेल का?

असू शकतं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो डाउनलोडचा वेग.

तांब्याच्या टेलिफोन वायरवरचं जुनं डीएसएल अजून असेल, तर अपलोड जेमतेम एका मेगाबिटच्या आसपास असतं. डीएसएलची रचनाच तशी आहे, त्याला इलाज नाही. टीव्हीच्या केबलवरून येणाऱ्या इंटरनेटमध्येही अपलोडच्या वाट्याला छोटा हिस्सा येतो. छतावर किंवा खिडकीत डबा लावून मिळणाऱ्या ५जी एअरफायबरमध्ये एकच लहर आळीपाळीने दोन्ही दिशांना वापरतात आणि त्यातला बराचसा वेळ डाउनलोडला दिलेला असतो. तिथे डाउनलोड २०० आणि अपलोड २० दिसलं, तर त्यात बिघाड काहीच नसेल.

फायबर मात्र वेगळं. आपल्याकडे घरोघरी असणाऱ्या जीपॉन फायबरमध्ये एका धाग्यावर डाउनलोडसाठी सुमारे २.५ गिगाबिट आणि अपलोडसाठी सुमारे १.२५ गिगाबिट असतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. दोन्ही दिशांना सारखा वेग द्यायला तंत्राची आडकाठी नाही आणि अनेक कंपन्या तसा देतातही. तरी तुमच्या प्लॅनमध्ये अपलोड किती, हे बिलावर किंवा ॲपमध्ये वाचून घ्या. तिथे सापडलं नाही तर लेखी विचारा. डेटाची महिन्याची मर्यादा संपल्यावर वेग कापला जातो, तेही तिथेच कळेल.

फोनवर रेंज फुल आहे. तरी अपलोड का पडतं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

फोनवर दिसणारी रेंज म्हणजे राऊटरचा आवाज फोनला किती नीट ऐकू येतो, त्याचं माप. अपलोड उलट्या दिशेने चालतं. तिथे फोन बोलतो आणि राऊटर ऐकतो. राऊटर भिंतीतल्या विजेवर चालतो, त्याचे अँटेना मोठे असतात. फोनला बॅटरी जपायची असते, अँटेना बोटाएवढे, त्यात तुमच्या हाताचा आणि कव्हरचा अडथळा. मंडपातून लाउडस्पीकरवर बोलणाऱ्याचं गल्लीच्या टोकाला स्पष्ट ऐकू येतं, पण टोकाला उभा असलेला काय म्हणतो ते मंडपात पोचत नाही. तसंच हे आहे.

आवाज नीट पोचला नाही की दोन गोष्टी होतात. फोन सावकाश, सोप्या पद्धतीने बोलू लागतो, म्हणजे एका वेळी कमी बिट पाठवतो. आणि पोच आली नाही की तेच पुन्हा पाठवतो. यात वायफायवरचा वेळ खर्ची पडतो आणि अपलोड घसरतं. डाउनलोडवर याचा परिणाम बराच कमी असतो, म्हणून "नेट तर चांगलं आहे" असं वाटत राहतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत जोडलेल्या वायफायच्या तपशिलात ट्रान्समिट लिंक स्पीड आणि रिसीव्ह लिंक स्पीड असे दोन वेगळे आकडे असतात. ट्रान्समिट म्हणजे फोनकडून राऊटरकडे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून netsh wlan show interfaces ही कमांड दिली की हेच दोन आकडे मिळतात. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, टीएक्स रेट दिसेल. राऊटरजवळ उभं राहून आकडे बघा, मग नेहमीच्या खोलीत जाऊन बघा. रिसीव्ह ४०० च्या घरात आणि ट्रान्समिट ५०-६० वर उतरलेलं दिसलं, तर दोष सापडला. प्रत्यक्ष वेग या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा थोडा वर मिळतो, हेही लक्षात ठेवा.

आणखी एक जागा फार कमी लोक बघतात. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते आणि बऱ्याच राऊटरांत प्रत्येकासमोर सिग्नल डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या एककात, लिहिलेला असतो. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. हा राऊटरला ऐकू येणारा आवाज. तिथे उणे ५०-६० असेल तर उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त चालतो, उणे ७५ च्या खाली गेलं की अपलोड रडणार.

मग राऊटर कुठे ठेवू?

जिथून तुम्ही अपलोड करता त्या जागेकडे, मोकळ्यावर, छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर. सांगायला सोपं आहे, पण आपल्या घरांत राऊटर जातो तो केबल जिथून आत येते तिथे, म्हणजे मुख्य दाराच्या वर किंवा टीव्हीच्या फर्निचरमध्ये. काम करायचं टेबल असतं शेवटच्या बेडरूममध्ये. मध्ये आरसीसीची भिंत, तिला टेकून लोखंडी कपाट, त्याच्या दाराला पूर्ण उंचीचा आरसा. लोखंड आणि आरशाचा मुलामा लहरी परतवतात, काँक्रीट त्या शोषतं. कोकणात जांभ्या दगडाच्या रुंद भिंती असतात, जुन्या वाड्यांत दोन-दोन फुटी दगडी भिंती. तिथे एका राऊटरवर घर भागवायचा हट्ट सोडून द्यावा.

अपलोडच्या बाबतीत राऊटरच्या जागेचं महत्त्व दुप्पट आहे, कारण ऐकण्याचं काम तिथे होतं. राऊटरच्या शेजारी गोंगाट असेल, तर अपलोड जास्त मार खातं. सेट-टॉप बॉक्स, टीव्हीची मागची बाजू, ब्लूटूथचा स्पीकर, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा राऊटर आपल्याच भिंतीला पाठ लावून बसलेला. हे सगळे राऊटरच्या कानाशी बोलत असतात, फोनच्या नाही.

यूएसबी ३ ची हार्ड डिस्क राऊटरला लावली असेल, तर ती काढून टेस्ट घ्या. यूएसबी ३ मुळे २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं आहे. डिस्क लावायचीच असेल तर लांब, चांगल्या आवरणाच्या केबलने दूर ठेवा.

एकमजली घरात अँटेना उभे ठेवा. आडवे केले तर सिग्नल वर-खाली जातो, म्हणजे दुमजली घरात एखादा आडवा ठेवून बघायला हरकत नाही. केबल अपुरी पडत असेल तर फायबरचा बॉक्स दाराशीच राहू द्या आणि त्याच्यापासून लॅनची वायर ओढून राऊटर घराच्या मध्यावर न्या. फर्निचरचं काम चालू असेल तर सुताराकडून आणि इलेक्ट्रिशियनकडून आताच एक पाइप सोडून घ्या. पुढे कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा तो पाइप कामाला येईल.

राऊटरची ट्रान्समिट पॉवर 'हाय' केली तर?

राऊटर आणखी मोठ्याने बोलेल. त्याचं ऐकणं सुधारणार नाही. उलट फोनला लांबूनही रेंज फुल दिसेल आणि तो जवळच्या दुसऱ्या राऊटरवर जायचं सोडून तिथेच चिकटून राहील. घरात दोन राऊटर असतील तर 'मीडियम' करून बघा, अनेकदा सुधारतं.

२.४ वापरू की ५ गिगाहर्ट्झ?

एकाच खोलीत किंवा एका भिंतीपलीकडे असाल तर ५. दोन जाड भिंती मध्ये असतील तर २.४, पण तिथे अपलोड १५-२० च्या वर जाईल अशी अपेक्षा ठेवू नका, विशेषतः इमारतीत.

बरेच राऊटर दोन्ही बँडना, म्हणजे २.४ आणि ५ ला, एकच नाव देतात आणि कोणत्यावर जायचं ते फोन ठरवतो. फोनची निवड दर वेळी बरी असतेच असं नाही. तपासणीपुरती दोन वेगळी नावं द्या, म्हणजे आपण कशावर आहोत ते नक्की कळेल. भारतात ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा २०१८ मध्ये परवान्याविना खुला झाला, त्यामुळे तिथे जागा मुबलक आहे. २.४ मध्ये मात्र आपल्या शेजाऱ्यांच्या सगळ्या राऊटरांसह स्मार्ट बल्ब, प्लग, जुने प्रिंटर अशी सारी जत्रा असते.

चॅनेल बदलून फरक पडतो का?

२.४ वर पडतो. चॅनेल म्हणजे बँडमधले छोटे पट्टे. तिथे एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. फोनवर वायफाय ॲनालायझरचं ॲप टाका, राऊटरजवळ उभे राहा आणि ज्यावर शेजाऱ्यांची गर्दी कमी तो निवडा. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केल्यावर कागदावर वेग दुप्पट दिसतो, पण इमारतीत गोंगाटही दुप्पट गोळा होतो. ५ वर ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ हे चॅनेल बहुतेक उपकरणांना चालतात. ८० मेगाहर्ट्झवर अपलोड डळमळत असेल तर ४० करून बघा. लांबच्या खोलीतल्या फोनला अरुंद पट्ट्यात आपला आवाज एकवटता येतो.

एकाने अपलोड सुरू केलं की घरातल्या सगळ्यांचं नेट बसतं. हे काय?

याला बफरब्लोट म्हणतात आणि वर्क फ्रॉम होम असलेल्या घरांत हा सगळ्यात जास्त त्रास देतो, असं माझं मत आहे.

समजा तुमचं अपलोड २० आहे. फोनने फोटो बॅकअप सुरू केला, तो वायफायवरून राऊटरकडे १०० च्या वेगाने डेटा फेकतो. पुढे जायची वाट फक्त २० ची. उरलेला डेटा राऊटर स्वतःच्या स्मृतीत रांगेत उभा करतो. ही रांग इतकी लांबते की तिच्या शेवटी उभ्या असलेल्या प्रत्येक पॅकेटला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, बाहेर पडायला अर्धा-एक सेकंद लागतो. मग झूमवरचा आवाज, यूपीआयचं पेमेंट, वेबसाइटची साधी विनंती, सगळं त्याच रांगेत. डाउनलोडसुद्धा मंदावतं, कारण आलेल्या डेटाची पोचही अपलोडच्याच वाटेने जायची असते.

ओळखायचं असं. लॅपटॉपवर दोन खिडक्यांत दोन पिंग सतत चालू ठेवा. पिंग म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड. एक राऊटरला, बहुधा १९२.१६८.१.१, आणि एक बाहेर ८.८.८.८ ला. आता एक मोठी फाइल अपलोडला लावा. राऊटरचा पिंग २-५ मिलिसेकंदच राहिला आणि बाहेरचा १५ वरून ४००-५०० वर उडाला, तर रांग लाइनच्या तोंडाशी आहे, म्हणजे बफरब्लोट. राऊटरचाच पिंग उड्या मारू लागला, तर अडचण वायफायवर आहे. या दोन खिडक्या शेजारी-शेजारी दोन मिनिटं बघितल्या तरी दोष वायफायचा की लाइनचा ते कळून जातं. मॅकवर टर्मिनलमध्ये networkQuality ही कमांडही असाच अंदाज देते.

उपाय राऊटरमध्ये आहे. क्यूओएस किंवा एसक्यूएम नावाची, वेग वाटून देणारी सोय असेल, तर अपलोडची मर्यादा वायरवर मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के लिहा. २० येत असेल तर १७ किंवा १८. वेग थोडा सोडावा लागतो, बदल्यात रांगच लागत नाही. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राऊटरांत केक नावाची पद्धत निवडता येते, ती या कामाला फार चांगली आहे. कंपनीने दिलेल्या बॉक्समध्ये ही सोय बहुधा नसते. मग बॅकअपच्या ॲपमध्येच वेगाची मर्यादा घाला. अनेक ड्राइव्ह सेवांच्या संगणकावरच्या ॲपमध्ये तसा पर्याय असतो.

घरात कोणीच काही अपलोड करत नाही, तरी वेग कमी. कोण खातंय?

माणसं करत नसतील, पण फोन करत असतात. गूगल फोटोज, आयक्लाउड, वनड्राइव्ह हे चार्जिंगला लावलेल्या फोनवरून गुपचूप काम करतात. सहलीहून परत आल्यावर घरातल्या चार फोनांनी एकदम व्हिडिओ वर चढवायला घेतले की दोन दिवस अपलोड गुदमरतं. क्लाउडवर रेकॉर्ड होणारा प्रत्येक सीसीटीव्ही कॅमेरा एक-दोन मेगाबिट रात्रंदिवस घेतो, असे तीन-चार असतील तर १० च्या प्लॅनवर तुमच्या हाती काय उरणार? विंडोजमध्ये अपडेट दुसऱ्या संगणकांना वाटायची सोय असते. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये जाऊन ती बंद करा किंवा घरच्या नेटवर्कपुरती ठेवा.

राऊटरच्या ॲपमध्ये प्रत्येक उपकरणाचा वापर दिसत असेल तर उत्तम. नसेल तर सरळ एकेक फोनचं वायफाय बंद करत जा आणि वायरवर टेस्ट घेत राहा. ओळख न पटणारं उपकरण यादीत दिसलं तर वायफायचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. कंपनीच्या माणसाने लावून दिलेला, मोबाइल नंबरचाच पासवर्ड अजून चालू असेल तर तसाही बदला.

रिपीटर लावला. रेंज वाढली, अपलोड निम्मं झालं. असं का?

साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर पुढे बोलतो. प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं, म्हणून वेग निम्मा. शिवाय लोक तो रेंज संपते तिथे लावतात. मग त्याचं स्वतःचंच राऊटरशी बोलणं कमकुवत आणि तुम्हाला फुल दिसणारी रेंज फक्त त्या रिपीटरपर्यंतची. तो अर्ध्या वाटेवर, जिथे मूळ राऊटरची रेंज अजून भक्कम आहे, तिथे हवा.

मेश, म्हणजे एकत्र मिळून घर व्यापणाऱ्या डब्यांचा संच घेणार असाल तर दोन डब्यांमध्ये लॅनची वायर टाकता येईल का ते आधी बघा. वायर टाकली तर साधे, स्वस्त डबेही उत्कृष्ट चालतात. वायर नसेल तर आपसात बोलायला वेगळी लहर राखून ठेवणारा, म्हणजे ट्राय-बँड संच घ्यावा लागतो आणि तो महाग असतो. जुना राऊटर पडून असेल, तर त्याला वायर जोडून ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वायफाय देणाऱ्या मोडमध्ये, लावा. दूरच्या बेडरूमचा प्रश्न एवढ्याने सुटतो.

२०० चा प्लॅन आहे, वायरवरही ९४ च्या वर जात नाही.

९३-९५ हा आकडा दिसला की समजा, कुठेतरी १०० मेगाबिटची जोडणी आहे. गिगाबिटला लॅनच्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. प्लगमधली एखादी तार सुटली तरी नेट बंद पडत नाही, मुकाट १०० वर उतरतं.

प्लग उजेडात धरा आणि पारदर्शक प्लॅस्टिकमधून बघा. आठही रंगीत तारा पार पुढच्या टोकापर्यंत गेलेल्या दिसल्या पाहिजेत आणि बाहेरचं निळं किंवा करडं आवरण प्लगच्या आत दाबलेलं असलं पाहिजे. हाताने क्रिम्प केलेल्या, म्हणजे प्लग दाबून बसवलेल्या वायरीत तपकिरी किंवा निळ्या जोडीतली एक तार अर्ध्यातच थांबलेली आढळते. वायर बदलून कारखान्यातून आलेली कॅट ६ लावली की काम होतं. फायबरच्या काही जुन्या बॉक्सांना मात्र एकच पोर्ट गिगाबिटचा असतो, बाकीचे १०० चे. पोर्ट बदलून बघा.

नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये स्पीड अँड ड्युप्लेक्स 'ऑटो' वर आहे ना, तेही बघा. एका बाजूला हाताने वेग ठरवलेला आणि दुसरीकडे ऑटो असेल, तर एक दिशा ठीक आणि दुसरी पार कोलमडलेली असं चित्र दिसतं.

फोनवर अपलोड ठीक, फक्त लॅपटॉपवर मंद.

चार्जर लावून टेस्ट घ्या. बॅटरीवर असताना लॅपटॉप अनेकदा वायफायची ताकद कमी करतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबखाली अनेक कार्डांना ट्रान्समिट पॉवर असतं, ते सर्वात वरच्या पायरीवर ठेवा. इथे ही पॉवर खरोखर अपलोडची आहे, राऊटरची नव्हे, त्यामुळे उपयोग होतो. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. ऑफिसचा व्हीपीएन बंद करून वेग वाढला, तर तुमच्या वायफायला दोष देऊ नका, आयटी विभागाला कळवा.

वायरवरही अपलोड कमी आहे. फायबरच्या बॉक्सवर काय बघू?

आधी दिवे. एलओएसचा लाल दिवा लागला किंवा लुकलुकत असेल तर फायबर तुटली किंवा फार वाकली आहे, थेट तक्रार करा. दिवा ठीक असेल तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल इन्फॉर्मेशनचं पान शोधा. तिथे आरएक्स पॉवर आणि टीएक्स पॉवर असे दोन आकडे असतात. आरएक्स उणे १५ ते उणे २४-२५ डीबीएम असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ म्हणजे काठावर. टीएक्स, म्हणजे बॉक्समधला लेझर किती जोराने पाठवतो तो आकडा, साधारण ०.५ ते ५ मध्ये असतो. अपलोड आणि डाउनलोड एकाच धाग्यातून दोन वेगळ्या तरंगलांबींवर जातात, वर जाताना १३१० आणि खाली येताना १४९० नॅनोमीटर. त्यामुळे डाउनलोड ठीक असूनही लेझर थकल्यामुळे अपलोडच बिघडू शकतं. अशा वेळी बॉक्स बदलून मागायचा.

पिवळी किंवा पांढरी बारीक फायबर सोफ्याच्या पायाखाली दबलेली, दाराच्या फटीत चेपलेली किंवा खिळ्याभोवती घट्ट वळवलेली नाही ना, बघा. हिरव्या टोकाचा कनेक्टर स्वतः उघडून फडक्याने पुसू नका. डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही सिग्नल खातो आणि त्या टोकात डोकावून बघणं डोळ्यांसाठी धोक्याचं आहे. ते काम लाइनमनचं.

वीज वारंवार जात असेल तर बॉक्स आणि राऊटरला छोटा यूपीएस लावा, मात्र व्होल्ट मूळ अडॅप्टरवर लिहिलेलेच हवेत आणि अँपिअर निदान तेवढे.

नवा राऊटर घेतला तर अपलोड सुधारेल?

वायरवर अपलोड पूर्ण येत असेल आणि जागा, बँड, चॅनेल सगळं करून झालं असेल, तर हो. तेव्हा वायफाय ६ चा घ्या. वायफाय ५ मध्ये अनेक उपकरणांशी एकदम बोलायची सोय फक्त डाउनलोडच्या दिशेने होती. वायफाय ६ मध्ये अनेक फोन एकाच वेळी थोडा थोडा पट्टा वाटून घेऊन राऊटरकडे पाठवू शकतात. अर्थात फोन आणि लॅपटॉपही वायफाय ६ चे असायला हवेत. घरात सगळे जुने फोन असतील, तर तोच पैसा वायर टाकण्यात घाला.

कंपनीकडे तक्रार करताना काय सांगू?

"नेट स्लो आहे" असं म्हणू नका. वायरवर, वायफाय बंद ठेवून, अमुक तारखेला आणि वेळेला, अमुक सर्व्हरवर अपलोड इतकं आलं, प्लॅनमध्ये इतकं आहे, बॉक्सचा आरएक्स आणि टीएक्स इतका, असं सांगा आणि स्क्रीनशॉट ईमेलने पाठवा. फोनवर बोलल्यावर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतल्याशिवाय ठेवू नका. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१२ च्या नियमांनुसार तो देणं कंपनीला बंधनकारक आहे. "सुटली" असा मेसेज आला आणि प्रत्यक्षात सुटली नसेल, तर त्याच नंबरचा हवाला देऊन कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला फी नाही आणि पत्ता-ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे लिहून वाट बघत बसू नका. अपिलानेही काम झालं नाही, तर दूरसंचार विभागाकडे केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरून जाता येतं, तिथे डॉकेट आणि अपिलाचा नंबर दोन्ही जोडा.